दरेकरांची पागा

१९३५ सालच्या वैशाखात निसार मिस्त्रीला दरेकरांची पागा पाडायचं काम मिळालं.

निसार नाशिकचा. दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर होतं. वय पन्नाशीला आलेलं, बोलणं कमी, आणि दगड-चुन्याच्या कामात जिल्ह्यात नाव. विहिरी, पूल, मशिदीचा हौद, देवळाचा ओटा, सगळं त्याच्या हातून झालं होतं. पाडायचं काम मात्र तो सहसा घेत नसे. हे घेतलं, कारण पाडल्यावर त्याच जागी नवीन बांधायचं कामही त्यालाच मिळणार होतं, आणि तिथे काय बांधायचं आहे हे ऐकल्यावर त्याला नाही म्हणवलं नाही. दरेकर सरदार तिथे सूतिकागृह उभारणार होते.

दरेकरांची बाग गिरणाऱ्याच्या रस्त्याला, गोदावरीच्या उंच काठावर. उन्हाळ्यात राहायला बांधलेला बंगला, आंब्याची राई, आणि बंगल्याच्या पाठीमागे पागा. पागेत एकेकाळी चोवीस घोडी होती. आता बंगल्यापुढे मोटार उभी राहायची आणि पागेत मैना नावाची एकच म्हातारी घोडी उरली होती. धाकटे सरदार दादासाहेब यांच्या आई आदल्या वर्षी वारल्या. जाताना त्या मुलाला सांगून गेल्या होत्या, की आपल्या गावांतल्या अडलेल्या बाया नाशिकला पोचेपर्यंत बैलगाडीतच मरतात, त्यांच्यासाठी जवळ काहीतरी कर. दादासाहेबांनी ते मनावर घेतलं. नाशिकच्या एका ओव्हरसियरकडून नकाशा काढून घेतला. पागा पाडायची, तिचा दगड पायाला वापरायचा, वर विटांच्या भिंती, काचेच्या खिडक्या आणि पत्र्याचं छप्पर, असा बेत ठरला.

निसार पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्याबरोबर काळू नावाचा त्याचा जुना गडी होता. काळूने पहार खांद्यावरून उतरवली आणि विचारलं, "कुठनं सुरू करायचं?"

"थांब जरा," निसार म्हणाला.

कुठलीही इमारत पाडायच्या आधी ती सगळी फिरून बघायची त्याची रीत होती. कुठला दगड कुणाच्या जिवावर उभा आहे हे कळल्याशिवाय हात लावला, तर माणूस मरतो. म्हणून तो कमानीखालून आत गेला.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आत पाऊल टाकलं आणि निसार थबकला. आत गारवा होता, पण तळघरात असतो तसा ओला, कुबट गारवा नव्हता. चालता वारा होता. इतकी वर्षं घोडी बांधलेल्या जागेला जो वास यायला हवा, तोही फार थोडा होता.

मधे फरसबंद चौक आणि चारी बाजूंना ठाणं, म्हणजे एकेक घोडं बांधायच्या जागा. दोन ठाणांमध्ये छातीएवढी दगडी आडभिंत. काळ्या दगडाच्या भिंती हातभर जाड. निसार एका ठाणात शिरला आणि आडभिंतीच्या कडेवरून हात फिरवला. धार कुठेच नव्हती. घोड्याचं अंग जिथे जिथे घासेल तिथला प्रत्येक कोपरा घडवतानाच गोल केलेला होता. गव्हाणीवर तोंडासमोर खिडकी नव्हती. भिंतीच्या अगदी तळाशी वीतभर उंचीची भोकं होती आणि पार वर, आढ्यापाशी, दोन पाखांच्या मध्ये लांबच लांब फट सोडून तिच्यावर दुसरं छोटं छप्पर धरलेलं होतं. जमीन सपाट दिसत होती. निसारने गडूतलं पाणी ओतून पाहिलं. पाणी जराही न थांबता मागच्या पन्हळीकडे गेलं आणि तिथून भिंतीबाहेर.

"काय बघताय मिस्त्री? पाडायला आलात नव्हं?"

आवाज कोपऱ्यातल्या ठाणातून आला. भिमाजी मैनेला खरारा करत उभा होता. भिमाजी म्हणजे पागेचा मोतद्दार. घोड्यांची निगा राखण्यात त्याची साठ वर्षं गेली होती. मुलगा बागेत माळीकाम करायचा, सून घर सांभाळायची, आणि म्हातारा मात्र जेवणापुरता घरी जाऊन परत पागेत यायचा.

"बाबा, ही बांधली कुणी?" निसारने विचारलं.

"गवंड्याचं नाव नाय ठावं. बांधून घेतली थोरल्या सरकारांनी, आताच्या सरकारांच्या आज्यानं. माझा बा तवा मोतद्दार." भिमाजीने खरारा खाली ठेवला. "ह्याच्या आदी बी पागा होती. नदीच्या अंगाला, बसकी, कोंदट. वारा नाय लागावा म्हणून समदी भोकं बुजवलेली. एका पावसाळ्यात नऊ घोडी गेली. नाकातनं पू यायचा, उभ्या उभ्या ढासायची आन् पडायची. थोरले सरकार लय जीव लावायचे घोड्यांना. दोन दिवस जेवले नाय म्हणत्यात. मग त्यांनी कुठनं कुठनं माणसं आणली, विचारलं, घोडी मेली कशानं? एकानं सांगितलं, आपल्याच श्वासानं. मग ही बांधली. तवापासून ह्या पागेत घोडं म्हातारपणानंच मेलंय."

निसार गव्हाणीच्या काठावर बसला. काळू बाहेर वाट पाहत होता. तरी निसार उठला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी शहनाज सिन्नरला सासरी बाळंत झाली होती. पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे तिला माजघरामागच्या आतल्या खोलीत ठेवलं होतं. दाराला घोंगडी, बाजेखाली शेगडी, धुरी, आणि वारा लागू नये म्हणून फटींतून बोळे. निसार आणि त्याची बायको बिलकिस तिसऱ्या दिवशी पोचले. निसार त्या खोलीत वाकून शिरला आणि त्याला दोन पळंसुद्धा श्वास घेववेना. शहनाजचं अंग तापाने फणफणलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, दरवाजा खोलो ना." त्याने घोंगडी बाजूला केली. घरातल्या बायकांनी ती लगेच परत सारली. पाचव्या दिवशी शहनाज गेली. मूल तिच्या आधीच गेलं होतं.

सासरची माणसं वाईट नव्हती. सगळ्यांच्या घरी असंच करत, निसारच्या घरीही असंच झालं होतं. पण एक गोष्ट निसारला आतून खात होती. लग्न ठरवायला तो त्या घरी गेला होता तेव्हा गवंड्याच्या सवयीने त्याने सगळं घर नजरेखालून घातलं होतं. त्या खोलीला एकही झरोका नाही हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. सोयरिकीच्या घरी खोड काढू नये म्हणून तो गप्प बसला होता.

आणि इथे नऊ घोडी मेली म्हणून कुणीतरी एवढा विचार केला होता.

तो उठला. चौकातलं ओलं गवत गोळा करून त्याने एका ठाणात पेटवलं. दाट पांढरा धूर झाला. भिमाजी ओरडणार होता, पण निसार वर बघतोय म्हणून तोही वर बघू लागला. धूर सरळ आढ्याकडे चढला, फटीपाशी जरा रेंगाळला आणि बाहेर ओढला गेला. गवत जळून संपलं तसं ठाण पुन्हा स्वच्छ झालं.

"काळू," निसारने हाक दिली, "पहार गाडीत टाक."

*

दादासाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात बसले होते. पस्तिशीचा माणूस, पुण्याला शिकलेला, स्वभावाने उतावळा पण मनाने बरा. निसारचं म्हणणं त्यांनी आधी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पागा पाडायची नाही?"

"नाही सरकार. गव्हाणी काढू, जमीन नवी करू, भिंतींना चुना देऊ. एकेका ठाणात एकेक खाट बसते. आडभिंतीमुळे बाईला आडोसा आपोआप मिळतो. असा वारा मला नव्या इमारतीत खेळवता येणार नाही. पत्र्याखाली तर मे महिन्यात बाळंतीण भाजून निघेल."

"मिस्त्री, तुम्ही काय बोलताय कळतंय का? माझ्या आईच्या नावाची पाटी मी तबेल्यावर लावू? लोक काय म्हणतील? दरेकरांनी गोरगरिबांच्या बायका घोड्यांच्या जागी निजवल्या."

"लोक म्हणतील. पण बाया जगतील."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग नकाशाप्रमाणे काम करा."

निसारने मान खाली घातली. मग म्हणाला, "सरकार, मग हे काम दुसऱ्या कुणाला द्या. मला हे पाडता येणार नाही."

दादासाहेबांना एका गवंड्याकडून असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. ते उठून आत गेले. निसार आणि काळू रिकाम्या गाडीने नाशिकला परतले.

घरी बिलकिसने त्याला दुपारीच आलेला पाहून पाणी दिलं आणि काय झालं विचारलं. त्याने पागेतलं सगळं सांगितलं, आढ्याची फटही सांगितली. शहनाजचं नाव त्याने घेतलं नाही. बिलकिस तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"अच्छा किए," ती एवढंच म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

पाचव्या दिवशी बागेतून मोटार आली. ड्रायव्हर म्हणाला, शरणपूरच्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांनी तुम्हाला बोलावलंय.

मार्थाबाई शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या. मिरजेला शिकून आलेल्या, पांढरं लुगडं, पायात बूट, केस पिकायला लागलेले. सूतिकागृह त्याच चालवणार होत्या. नकाशा पाहायला आल्या होत्या. काम का थांबलंय असं त्यांनी विचारलं, तेव्हा दादासाहेबांनी रागारागाने मिस्त्रीची गोष्ट सांगितली, आणि त्या ऐकून हसल्या नाहीत.

पागेत तिघंच गेली. मार्थाबाईंनी निसारला धूर करायला सांगितला. वर बघितलं. भिंतीच्या तळाची भोकं वाकून पाहिली. मग चौकात येऊन त्या म्हणाल्या, "वारा तुम्ही म्हणता तसा आहे. पण इथे मी बाळंतीण ठेवणार नाही."

दादासाहेबांनी निसारकडे पाहिलं.

"कारण सांगते," मार्थाबाई म्हणाल्या. "घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचं विष असतं. ते मातीत मुरतं आणि वर्षानुवर्षं मरत नाही. नाळ कापलेल्या जागेतून ते पोरात शिरलं, तर सहाव्या-सातव्या दिवशी पोर दूध ओढायचं थांबतं. जबडा आवळतो. आठव्या-नवव्या दिवशी जातं. मी असली पोरं हातात धरली आहेत. इथे साठ-सत्तर वर्षं घोडी उभी होती. या फरशीखाली काय असेल?"

निसारला हे माहीत नव्हतं. तो खाली फरशीकडे बघत राहिला. आपण हट्टाने काय मागत होतो, याची त्याला भीती वाटली.

"किती खोल मुरतं?" त्याने विचारलं.

"जिथवर ओल गेली असेल तिथवर."

"समजा फरशी सगळी उचलली. खाली काळी माती संपून पिवळा मुरूम लागेपर्यंत खणलं. ती माती इथून लांब नेऊन पुरली. मग खाणीतली खडी, तिच्यावर चुन्याचा कोबा, वर नवी शहाबादी फरशी. भिंती पुरुषभर उंचीपर्यंत तासून कोरा दगड काढला, सांधे खरवडले, वर तीनदा कढत चुना मारला. लाकूड सगळं सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुतलं. मग?"

मार्थाबाईंनी बुटाच्या टोकाने फरशीचा सांधा उकरून पाहिला. "मग भीती पुष्कळ कमी होईल," त्या म्हणाल्या. "संपली असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरांत या बाया बाळंत होतात त्या घरांत शेणाने सारवलेली जमीन असते आणि वारा नसतो. आणि इथे घोडं राहता कामा नये. एकही नाही. आवारातसुद्धा नाही." मग त्या दादासाहेबांकडे वळल्या. "तुमच्या नकाशातल्या पत्र्याच्या इमारतीपेक्षा मी हे पसंत करीन. पण मिस्त्री सांगतात तसं सगळं झालं तरच. त्यातलं एकही काम गाळलं, तर मी इथे येणार नाही."

दादासाहेब चौकात दोन फेऱ्या मारून आले. "आईसाहेब घोड्यांना स्वतःच्या हाताने गूळ द्यायच्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "त्यांना कदाचित काही वाटलं नसतं." मग मोठ्याने म्हणाले, "करा सुरुवात."

*

मैनेला निफाडकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडे पाठवलं. भिमाजी तिला रस्त्याच्या वळणापर्यंत सोडायला गेला. परत आला तो निसारशी बोलेनासा झाला. पागा वाचली याचा त्याला आनंद झाला असेल असं निसारला वाटलं होतं. पण म्हाताऱ्याचं म्हणणं, जे त्याने काळूला ऐकवलं ते असं, की पाडली असती तर एकदाच डोळ्यांआड झाली असती. आता रोज बघायची, आणि आत घोडं नाही.

ज्येष्ठ-आषाढात फरशी निघाली. दगडाच्या चिपा टापांनी मधोमध खोलगट झालेल्या. त्यांच्याखाली विटांचा चुरा, त्याच्याखाली कोळसा, आणि मग काळी, तेलकट, वास येणारी माती. निसारने आपल्या माणसांना हातापायांना जखम असेल तर कामावर येऊ दिलं नाही. दोन हात खणलं तरी मुरूम लागला नाही. एका कोपऱ्यात तीन हात जावं लागलं. काळू म्हणाला, "बास की आता, कोण बघतंय?" निसारने स्वतः खड्ड्यात उतरून खणायला घेतलं. मग काळूही खाली उतरला.

खणताना त्याला त्या नाव नसलेल्या गवंड्याचं कसब आणखी कळत गेलं. पन्हळीचा उतार दर सहा हातांना एक बोट, कुठेही चूक नाही. पाया भिंतीच्या दुप्पट रुंद. निसारने नवी फरशी त्याच उताराने बसवली. वरची फट, तळाची भोकं आणि गोल कोपरे यांना त्याने हात लावला नाही. भोकांना फक्त बारीक जाळी बसवली. गव्हाणी काढल्या. कमानीला नवं दार केलं. तिसरा कढत चुना मारून झाला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

मार्गशीर्षात दादासाहेबांनी नारळ फोडला. मार्थाबाई एक नर्स आणि बारा खाटा घेऊन राहायला आल्या. आणि दीड महिना एकही बाई आली नाही.

गावोगाव एकच बोलणं होतं. तिथे घोड्याच्या ठाणात निजवतात. वारा सोडतात बाळंतिणीवर. मार्थाबाई गावांत जाऊन बोलायच्या, बायका ऐकून घ्यायच्या आणि घरीच बाळंत व्हायच्या. निसार आवाराच्या भिंतीचं राहिलेलं काम करत होता. बारा खाटा तशाच पांढऱ्या चादरी घालून मांडलेल्या, आणि रोज सकाळी नर्स त्यांच्यावरची धूळ झटकायची. ते बघून त्याला जेवण जात नसे.

माघात एके दिवशी सकाळी आठच्या सुमाराला भिमाजी पागेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे त्याचा मुलगा आणि दोन माळी एक बाज उचलून आणत होते. बाजेवर त्याची सून झुंबरबाई होती. तिची आधीची दोन मुलं जन्मतानाच गेली होती. आता आदल्या दुपारपासून ती अडली होती. गावची सुईण तानुबाई बाजेबरोबरच चालत आली होती.

"आडवं हाय," तानुबाईने मार्थाबाईंना सांगितलं. "माझा हात चालंना. मीच म्हणलं भिमाजीला, हितं आण म्हणून."

"बरं केलंत," मार्थाबाई म्हणाल्या. "तुम्हीही आत चला. हात धुवून माझ्याजवळ उभ्या राहा."

दार बंद झालं. भिमाजी चौकाबाहेर पायरीवर बसला. निसार थापी टाकून त्याच्यापासून चार हातांवर येऊन बसला. आतून झुंबरबाईचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. सूर्य डोक्यावर आला, कलला. तीनच्या सुमाराला आतून बारीक रडणं ऐकू आलं. भिमाजीने डोळे मिटून घेतले. जरा वेळाने तानुबाई बाहेर आली.

"पोरगा हाय. बाई बी शुद्धीवर हाय. आत हात घालून फिरवला डाक्टरीणबाईनं त्याला. म्या डोळ्यांनी बघितलं."

भिमाजी हात जोडून तसाच बसून राहिला. निसारच्या मनात मात्र मोजणी सुरू झाली. आज पहिला दिवस.

*

भिंतीचं काम दोन दिवसांत संपलं. काळू आणि बाकीची माणसं विंचूरला एका पुलाच्या कामावर गेली. निसार गेला नाही. त्याने बिलकिसला निरोप पाठवला, की नवव्या दिवसानंतर येतो. रोज सकाळी तो दारात जाऊन उभा राहायचा. मार्थाबाई बाहेर येऊन सांगायच्या, "दूध ओढतोय." तेवढं ऐकून तो माघारी फिरायचा.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाईला ताप भरला. निसार दिवसभर आंब्याच्या राईत एकटा बसून राहिला. पाचव्या दिवशी ताप उतरला.

सहाव्या दिवशी भिमाजी त्याच्याकडे आला. "मिस्त्री, तुमचं काम सरलं म्हणं. मग थांबलात कशापायी? रोज सकाळचं दारात येता. पोर माझं हाय."

निसारने त्याला धनुर्वाताचं सांगितलं. फरशीखालच्या मातीचं सांगितलं. मग, कुठून सुरुवात करावी हे न कळून, शहनाजचंही सांगितलं. खोलीला झरोका नव्हता आणि आपल्याला ते आधीच दिसलं होतं, तेही. बोलून झाल्यावर त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"हे कुणाला सांगितलं नव्हतं बाबा. घरीसुद्धा नाही."

भिमाजीने काडीने जमिनीवर एक रेघ ओढली. "तुमच्या घरच्यांना ठावं असंल," तो म्हणाला. "बाईमाणसाला ठावं असतं."

"असेल."

"आन् ह्या पोराला काय झालं तर?"

"तर माझ्यामुळे झालं. मीच मागितली होती ही जागा."

भिमाजीने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे निसारला कळलं नाही. पण तो उठून गेला नाही. कमरेची चंची सोडून त्याने पान लावलं आणि निसारपुढे धरलं.

आठव्या दिवशी सकाळी मार्थाबाई दारात आल्या नाहीत. नर्स आली आणि म्हणाली, "पहाटेपासून अंगावर घेत नाहीये. बाई बघतायत." भिमाजी समोरून चालत येत होता. निसारचा चेहरा पाहून त्याला काही विचारावं लागलं नाही. दोघे पुन्हा त्याच पायरीवर बसले, या वेळी एकमेकांना लागून. निसारचे ओठ हलत होते. त्या खड्ड्यातला कोपरान् कोपरा त्याला आठवत होता. कुठे राहिलं का? उत्तरेच्या बाजूला, खांबाच्या बुडाशी, तिथे मुरूम नीट लागला होता का?

दहा वाजले असतील. मार्थाबाई बाहेर आल्या. मुलाला त्यांनी स्वतः घेतलं होतं.

"जबडा मोकळा आहे," त्या म्हणाल्या. "मी बोट घालून पाहिलं. हात-पाय सैल आहेत. नाक चोंदलं होतं, म्हणून ओढत नव्हता. साफ केलं. आता प्यायलाय." त्यांनी मूल भिमाजीच्या मांडीवर ठेवलं. मग निसारकडे पाहून म्हणाल्या, "मिस्त्री, अजून दोन-तीन दिवस मी लक्ष ठेवीन. पण तुम्ही आता जा. तुमचे डोळे बघा कसे झालेत. झोपा जाऊन."

निसार उठला. त्याने वाकून मुलाच्या जावळावर एक बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. बाराव्या दिवशी झुंबरबाई मुलाला घेऊन आपल्या पायांनी चालत घरी गेली. त्या वेळी रस्त्याच्या कडेला बागेतल्या आणि गावातल्या बाया उभ्या होत्या.

*

पुढचा उन्हाळा निसारचा विंचूरच्या पुलावर गेला. ज्येष्ठात तिथे त्याच्या नावाने एक कार्ड आलं. मार्थाबाईंचं. निसारला मराठी लिहिलेलं वाचता येत नसे, म्हणून काळूने अडखळत वाचून दाखवलं. चार महिन्यांत एकोणीस बाया आल्या. अठरा घरी गेल्या. धनुर्वाताने एकही मूल गेलं नाही. एक बाई पेठकडच्या डोंगरातून दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. तिला आणलं तेव्हाच फार रक्त गेलं होतं. ती त्याच संध्याकाळी वारली. मूल जगलं आहे, बाप घेऊन गेला. बाईंनी पुढे लिहिलं होतं: दोष जागेचा नव्हता, माझाही नसावा. पण तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

"नाव लिहिलंय का तिचं?" निसारने विचारलं.

काळूने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "नाही."

"कुठल्या खाटेवर होती ते?"

"तेही नाही."

निसारने थापी पाण्यात बुडवून स्वच्छ केली आणि कठड्यावर ठेवली. मग नदीत उतरून त्याने हात-पाय, तोंड धुतलं, पुलाच्या सावलीत पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला आणि त्या न पाहिलेल्या बाईसाठी दुवा मागितली. माणसं दगड वाहायची थांबली होती. त्याचं झाल्यावर तो वर आला.

"काळू," तो म्हणाला, "उद्या एक कार्ड आण. बाईंना लिहायचंय. पेठच्या वाटेवर मधे कुठे मुक्कामाला, पाण्याच्या जवळ, वारा खेळेल अशी एक खोली बांधायला किती दगड लागेल, ते मी सांगतो. तू लिही."

मग तो परत पुलाच्या भिंतीकडे गेला आणि पुढचा दगड उचलायला त्याने माणसांना खूण केली.